कागदी स्ट्रॉ कुजते, पण त्यातली रसायनं?

'कागदी स्ट्रॉ कुजते, म्हणजे प्रश्न मिटला' हे मत अर्धंच खरं आहे. गोंद लावून तिरक्या गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यांची ही नळी कापलेल्या कडांतून पाणी पिते आणि मऊ पडते. पाणी रोखणारी पीफास (सहजी न विघटणारी, फ्लोरिनयुक्त) रसायनं २०२३च्या बेल्जियममधल्या तपासणीत २० पैकी १८ कागदी ब्रँडांत सापडली. प्रमाण अल्प होतं, पण कागद कुजल्यावरही ती मागे उरतात.

पॉलिप्रॉपिलीन या नेहमीच्या प्लास्टिकची स्ट्रॉ जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, म्हणून कच्चा माल कमी लागतो. पण तेवढ्याच हलकेपणामुळे ती वर्गीकरण यंत्राच्या फटींतून गळते आणि पुनर्चक्रीकरणापर्यंत क्वचितच पोचते. पाण्यावर तरंगते, ते वेगळंच.

पीएलएच्या, म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या, 'जैविक' स्ट्रॉवर तर भिस्त नकोच. तिला साधारण ६० अंश सेल्सिअसचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं, घरच्या खतखड्ड्यात ती तशीच पडून राहते.