परसातला रायवळ आंबा घराकडे झुकलाय. तोडू की ठेवू?

कौलारू
दापोली तालुक्यात आमचं गावचं घर आहे, चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. मागच्या पडवीपासून बारा फुटांवर रायवळ आंबा, शंभरीला टेकलेला. दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत येत नाही. घरात आई एकटी, वय ७८. मी ठाण्याला.

झाड पहिल्यापासून घराकडे कललेलंच होतं, पण मे महिन्यात गेलो तेव्हा कल वाढल्यासारखा वाटला. बुंध्याशी ढोली आहे, कोपरापर्यंत हात जातो. पडवीवर आलेल्या फांदीच्या बेचक्यातून भुसा पडतोय. बांडगुळाचं तर विचारूच नका.

आई म्हणते, "निसर्ग वादळात आपली कौलं उडाली, हा जागचा हलला नाही. आता काय धाड भरलीय त्याला?" वर म्हणते, "मी गेले की तोडा, तेव्हा लाकूड लागेलच." आमच्याकडे सरणाला आंब्याचं लाकूड घेतात, त्यावरचा हा तिचा विनोद. हसावं की गप्प बसावं कळत नाही.

एक व्यापारी फुकटात तोडून न्यायला तयार आहे, लाकूड त्याचं. त्याच्या मते झाड आज पडेल नाहीतर उद्या. पेट्यांच्या फळ्या त्याला दिसतायत, हे मलाही कळतं. काय करू?

कलमवाला
भुसा म्हणजे भिरूड, खोडकिडा. ती फांदी आतून पोखरलेली धरून चाला, तिच्याखाली कुणाला बसू देऊ नका. बांडगूळ वजन वाढवतं, पण तेवढ्यासाठी झाड पाडायची गरज नसते.

ढोलीला लगेच घाबरू नका. पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. साधारण ठोकताळा असा, की बुंध्याच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तरी चांगलं लाकूड पोकळीभोवती हवं. कोयत्याच्या पाठीने सगळीकडून ठोकून बघा, डबडब आवाज कुठे कुठे येतो ते खडूने खुणा करा.

खरी गोष्ट कलाची. जुना कल असेल तर झाड वर जाऊन पुन्हा सरळ झालेलं दिसतं, बुंध्याला बाक असतो. नवा कल असेल तर सगळं झाड काठीसारखं तिरकं होतं. घराच्या उलट बाजूची जमीन बघा, पालापाचोळा सारून. माती फुगलीय का, भेग आहे का?

आणि एक विचारतो, गेल्या पाच-सात वर्षांत झाडाजवळ काही खणलंत का?

सातबारा_सतरा_नावं
दादा, व्यापाऱ्याला होकार देण्याआधी थांबा. स्वतःच्या जमिनीतला असला तरी आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येतो. परवानगी वन खात्याची लागते. १९७५ चा कायदा शहरी भागाचा, त्याची गल्लत करू नका. अर्जासोबत घर आणि झाड एकत्र दिसतील असे फोटो द्या, धोका स्पष्ट लिहा. सातबाऱ्यावर इतर हिस्सेदार असतील तर त्यांची संमती आत्ताच घ्या. आमच्या फणसाला एका चुलतभावाने सही दिली नाही, का तर त्याला गरे पाठवले नव्हते.

कौलारू
कलमवाले, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्यांसाठी मागे कमोडचा संडास बांधला. शोषखड्डा आंब्याच्या पलीकडे, बुंध्यापासून पाच फुटांवर. जेसीबीला मांडीएवढं मूळ आडवं आलं. चालक थांबला होता. मीच म्हटलं, तोड.

आज शेजारच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर तिथे उभं केलं. त्याच बाजूला भेग आहे. त्याच्या चपलेचं टोक आत गेलं.

कलमवाला
मग आता तोडायलाच हवं. झाड घराकडे झुकतं, म्हणजे पलीकडची मुळं त्याला मागे ओढून धरतात. त्यातलंच तुम्ही तोडलंत. निसर्ग आलं ३ जून २०२० ला, तेव्हा ते मूळ शाबूत होतं. आईंचं म्हणणं त्या दिवशीच्या झाडाबद्दल खरं आहे.

नुसता शेंडा मारून ठेवू, असं कुणीतरी सुचवेल. कीड लागलेल्या दोन फांद्यांचाच प्रश्न असता तर त्या काढून, कापावर बोर्डो पेस्ट लावून झाड राखता आलं असतं. मुळाला पेस्ट नाही.

आज रात्रीपासून आईंना मागच्या खोलीत झोपवू नका. परवानगी येईल तेव्हा येईल, पाऊस थांबणार नाही. तोडताना बुंध्याला हात शेवटी. आधी पडवीवरच्या फांद्या दोराने बांधून तुकड्यातुकड्याने उतरवायच्या. वर चढणारा पोखरलेल्या फांदीवर उभा राहता कामा नये, त्यासाठीच खडूच्या खुणा. तार जवळ असेल तर महावितरणला सांगून वीज बंद करून घ्या. आणि कौल फुटलं तर कोण भरणार, ते व्यापाऱ्याकडून कागदावर घ्या. तोंडी नको.

कौलारू
काल गावी आलो. अर्ज दिला. तीन चुलत्यांपैकी दोघांच्या सह्या झाल्या, तिसरे बोरिवलीला, रविवारी भेटतील.

आईला मुळाचं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या संडासापायी होय." मी म्हटलं, खड्डा कुठे खणायचा ते मी ठरवलं, तू नाही. त्यावर उठून चहा ठेवला.

खाट ओटीवर हलवलीय. तिथे पंखा नाही म्हणून कुरकुर चालू आहे, उद्या दापोलीहून आणतो. तोडायला कबूल झाली, पण अट घातलीय, लाकूड सगळं व्यापाऱ्याला द्यायचं नाही. "माझ्यापुरतं खोपीत ठेव. कोरडं राहील असं बघ."