अद्भुत साहसकथेला तात्पर्य हवेच का?

प्रश्न – गोदातीर

इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी मी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. दिवाळीपासून मी स्वतः लिहिलेली एक लांबलचक अद्भुतकथा चालू आहे. मे महिन्यात गोदावरीचे पात्र आटलेले असताना एका मुलीला घाटाच्या शेवटच्या पायरीखाली आणखी पायऱ्या सापडतात. त्या उतरून गेल्यावर एक नगर लागते, तिथली नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहते, आणि तिथले कोणतेही दार उघडायचे असेल तर आपली एक आठवण दारपालाला कायमची देऊन टाकावी लागते. चौदा प्रकरणे वाचून झाली असून आता शेवटचे तेवढे उरले आहे.

मागच्या शनिवारी एका मुलाच्या वडिलांनी अगदी सौजन्याने विचारले, "ताई, गोष्ट छानच आहे, पण यातून मुलांनी घ्यायचे काय?" मला उत्तर सुचले नाही. रामकुंडाच्या परिसरातील जुन्या कुंडांवर काँक्रीट टाकले गेल्याची चर्चा आपल्या शहरात बरीच वर्षे चालू आहे आणि ती ऐकतानाच मला या कथेची कल्पना सुचली, हे खरे. म्हणून एका मैत्रिणीने सुचवले की, शेवटच्या प्रकरणात पाताळातल्या नदीनेच मुलीला प्रदूषणाविषयी चार शब्द सांगावेत, म्हणजे पालकही संतुष्ट होतील. मी ते पान लिहूनही पाहिले. मोठ्याने वाचताना मात्र नदीच्या जागी प्रमुख पाहुणे बोलत आहेत असे वाटू लागले. अशा कथेला बोध किंवा काही सखोल अर्थ असणे आवश्यक आहे का? की निखळ साहस पुरेसे आहे?

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापिका, नाशिकरोड

बोध या शब्दाला इतके घाबरण्याचे कारण नाही. 'श्यामची आई' १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली गेली. ती अद्भुतकथा नव्हे, पण संस्काराचा हेतू उघडपणे बाळगून लिहिलेले पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाऊ शकते, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागेल. तिथे आईचे सांगणे एखाद्या घडलेल्या प्रसंगाला धरून येते, त्यामुळे ते वरून चिकटवलेले वाटत नाही.

मात्र गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहून घेण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत नोकरीच्या काळातच बदलले. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. गोष्ट कोणतीही असो, तो तात्पर्य म्हणून 'नेहमी खरे बोलावे' असेच लिहीत असे. मी त्याला जवळ बोलावून कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे कुठेही चालते, अर्धा गुण तरी मिळतोच." त्याचे निरीक्षण अचूक होते, कारण ते अर्धे गुण मीच देत आले होते. त्या पालकांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, पण त्याचे उत्तर शेवटच्या पानावर देण्याची गरज नाही. तुमची मुलगी चौदा प्रकरणे कशी वागली, हे मुलांनी पाहिलेलेच आहे.

उत्तर – पोथीवाला, पंचवटी

कथेचे तात्पर्य ही वस्तू आपण समजतो तितकी स्थिर नसते, एवढेच मला मांडायचे आहे. 'पंचतंत्र' घ्या. राजाच्या तीन मठ्ठ मुलांना नीती शिकवण्यासाठीच विष्णुशर्म्याने या गोष्टी सांगितल्या, अशी त्याची चौकट आहे, म्हणजे याहून अधिक उघड बोधग्रंथ सापडणे कठीण. त्यातली माकड आणि मगरीची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते. माकड 'काळीज झाडावर राहिले' असे सांगून स्वतःची सुटका करून घेते, आणि आपण मुलांना सांगतो की संकटात डोके शांत ठेवावे. पण मूळ ग्रंथात ही गोष्ट ज्या चौथ्या तंत्रात येते त्याचे नाव 'लब्धप्रणाश' आहे, म्हणजे हाती आलेले गमावणे. ज्याच्या हातून मित्रही गेला आणि काळीजही, त्या मगरीचा तो धडा आहे. गोष्ट तीच राहिली आणि बोध एका पात्राकडून उठून दुसऱ्याकडे जाऊन बसला.

शार्ल पेरोने १६९७ मध्ये आपल्या परीकथांच्या शेवटी पद्यात तात्पर्ये जोडली. सिंड्रेलाच्या कथेला तर त्याने दोन दिली. पहिल्यात सौंदर्यापेक्षा सौजन्य श्रेष्ठ ठरते, तर दुसऱ्यात म्हटले आहे की, अंगी बुद्धी आणि धैर्य कितीही असले तरी पाठीशी कोणी धर्मपिता किंवा धर्ममाता नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर वशिला हवा! दुसरे तात्पर्य लिहिताना तो हसत असावा, असा माझा तर्क आहे. आज ती कथा जगभर सांगितली जाते आणि ही दोन्ही पद्ये अभ्यासकांखेरीज फारशी कोणी वाचत नाही.

आणि आपण तर पंचवटीत राहतो. सीतागुंफेजवळ येणाऱ्या पाहुण्यांना मी लहानपणापासून लक्ष्मणरेषेची गोष्ट ऐकवत आलो, आणि 'रेषा ओलांडू नये' हे सांगणे त्यात अर्थातच येई. वाल्मीकींचे अरण्यकांड प्रत्यक्ष वाचले तेव्हा सोन्याचे हरीण भेटले, मारीचाची खोटी हाक भेटली, सीतेचे लक्ष्मणाला बोललेले कठोर शब्द भेटले, पण रेषा कुठेच भेटली नाही. ती नंतरच्या परंपरेत आली. कथेत एक भयंकर पोकळी होती, दोघेही निघून गेल्यावरचे ते एकटेपण, आणि कोणाला तरी तिथे नियमाची एक ओळ आखून ठेवावीशी वाटली. बोध पुष्कळदा असा नंतर येतो आणि कथेला धीर देतो. मात्र तो नसतानाही ती कथा उभी होतीच.

वेताळाने तर हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेलाच आहे. तो तात्पर्य सांगत नाही, उलट राजालाच प्रश्न घालतो, आणि उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार असतात. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. शेवटच्या कथेत राजाला उत्तर सापडत नाही, म्हणून तो मौन राहतो, आणि त्याच मौनावर वेताळ प्रसन्न होतो.

उत्तर – तिसरी पाळी, सातपूर

मी कारखान्यातून रात्रपाळी करून येतो आणि झोप लागेपर्यंत राक्षस, तलवारी आणि उडती जहाजे यांच्या गोष्टी वाचतो. त्यांतून मी काही घेत नाही, काही काळ कुठेतरी जाऊन येतो. त्यामुळे निखळ साहस पुरेसे आहे का, याचे माझे उत्तर 'हो' असे आहे.

तरीही एक सांगावेसे वाटते. ज्या गोष्टींत नायकाला काहीच मोजावे लागत नाही, त्या माझ्याकडून तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे वाचवत नाहीत. तुमच्या कथेतले दार आठवण घेऊन उघडते. हा नियम जर तुम्ही अखेरपर्यंत प्रामाणिकपणे पाळला असेल तर अर्थ त्यातच आहे. टॉल्किन यांच्या अंगठीच्या महाकथेत अनेकांनी दुसरे महायुद्ध आणि अणुबॉम्ब शोधला. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ते नाकारले आणि एक भेद स्पष्ट केला: रूपककथेत लेखक वाचकाला एकाच अर्थापाशी बांधून ठेवतो, उलट कथा आपल्या अनुभवाला लावून पाहणे हे वाचकाचे स्वातंत्र्य असते. नदीचे भाषण घातलेत तर तुमची मुले ती कथा फक्त प्रदूषणाला लावू शकतील. ज्याची आजी नुकतीच विसरभोळी होऊ लागली आहे असा एखादा मुलगा तिथे बसलेला असेल तर त्याने काय करावे?

गोदातीर

सर्वांचे आभार. सातपूरच्या वाचकांनी विचारलेल्या नियमाविषयी प्रांजळपणे सांगायचे तर मी तो पाळलेला नाही. नवव्या प्रकरणापासून मुलीने ज्या आठवणी दिल्या त्या सगळ्या बिनमहत्त्वाच्या होत्या: एकदा हरवलेली छत्री, एक जुना पाढा, कुणाच्या तरी लग्नातली पंगत. ती सुखरूप घरी यावी म्हणून मी तिला सवलत देत गेले आणि हे माझ्या लक्षातही आले नाही. आता वाटते की, ते वडील कदाचित हीच उणीव वेगळ्या शब्दांत सांगत होते.

नदीचे भाषण काढून टाकले आहे. नवे प्रकरण काल रात्री लिहून पूर्ण केले. परतीच्या दाराशी दारपाल मुलीकडे तिच्या आईच्या हाकेची आठवण मागतो, ज्या हाकेच्या दिशेने ती घाट चढणार असते नेमकी तीच. ती देते. वर आल्यावर तिन्हीसांजेच्या वेळी पुलाखाली एक बाई कुणाला तरी मोठ्याने हाक मारत उभी असते, आणि मुलगी कुतूहलाने थांबून पाहते की ही कोणाला बोलावते आहे.

आमच्या घरातल्या नऊ वर्षांच्या श्रोत्याला हे आधी वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने विचारले, "पण आई पुढे येऊन तिचा हात धरेल ना?" मी ते लिहिलेले नाही. शनिवारी उरलेल्या अठरा जणांना वाचून दाखवते आणि काय होते ते इथे कळवते.