मदत हवी आहे: .२२ रायफलचा बार मधूनच उडत नाही

रानातला_माणूस
आमची ब्रनो आहे, आजोबांच्या वेळची. चाप ओढला की टक् आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. दरवेळी नाही, मधूनच. भात पोटरीला आलंय, डुकरं रोज रात्री आत. काय बिघडलं असेल? लवकर सांगा.

नेमबाज_ठाणे
कुठलं मॉडेल? काडतुसं देशी की विलायती, एली कंपनीची? न उडालेल्या काडतुसाच्या कडेवर आपटणाऱ्या पिनचा ठसा खोल आहे की नुसता ओरखडा?

रानातला_माणूस
मॉडेल २. काडतुसं दुकानात मिळतात ती. ठसा बघितला नाही.

सड्यावरचा_आप्पा
.२२ ने डुक्कर? जखमी झालं तर सरळ अंगावर येतं हो! आमच्या तात्यांकडे ठासणीची होती. पावसात बार पेटवणारी केप सर्दायची, बार फुसका जायचा. म्हणून तात्या केपांची डबी चुलीजवळ ठेवायचे. आजी म्हणायची, तुमचा बार उडायच्या आधी माझी भाकरी उडेल.

नेमबाज_ठाणे
आप्पा, ठासणीचं इथे काय काम? .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, एखाद्या जागी तो कमी पडतो. तेच काडतूस थोडं फिरवून लावल्यावर उडालं तर दोष काडतुसाचा. ठसाच उथळ असेल तर पिन झिजलीय, स्प्रिंग ढिली झालीय किंवा आत घाण आहे. आणि टक् झाल्यावर लगेच बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, बार कधी कधी उशिरा उडतो.

कायद्याचा_किडा
त्याआधी परवाना कोणाच्या नावावर ते सांगा. आजोबांच्याच नावावर असेल तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा हवं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वारसाला अर्ज करता येतो.

रानातला_माणूस
बाबांच्या नावावर आहे, रायफल तेच चालवतात. मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय.

शहरी_शेतकरी
एअर रायफल घ्या. .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली, परवानाच लागत नाही.

सड्यावरचा_आप्पा
डुकराला गुदगुल्या करायच्यात काय?

रानातला_माणूस
ठसा बघितला, अगदी उथळ. फिरवून लावलं तरी उडालं नाही. बोल्टमध्ये काळं चिकट काहीतरी साचलंय. आमच्याकडे आजोबांपासून घाण्याचं खोबरेल लावतात.

नेमबाज_ठाणे
मग अजून काय हवं? खोबरेल थंडीत थिजतं, त्यात धूळ आणि जळका मसाला बसतो, पिन पुरेशी पुढे जात नाही. परवानाधारक कारागिराकडून बोल्ट उघडून साफ करून घ्या, स्प्रिंग बदला. आणि रिकामा चाप ओढायची सवय असेल तर सोडा, .२२ मध्ये पिन नळीच्या काठावर आपटते.

सड्यावरचा_आप्पा
खोबरेलाला नावं ठेवू नका. तात्यांच्या नळीला कधी गंज चढला नाही.

नेमबाज_ठाणे
नळीला लावा की, बोल्टमध्ये कशाला ओतता!

कायद्याचा_किडा
दुरुस्तीला तुम्ही एकटे नेणार असाल तर बाबांचं लेखी अधिकारपत्र आणि मूळ परवाना जवळ ठेवा. १९५९ च्या कायद्यात तेवढीच सोय आहे.

रानातला_माणूस
बाबा स्वतःच जातायत सोमवारी. तोवर डुकरांचं काय?

शहरी_शेतकरी
सौर कुंपण. माझ्या मेव्हण्याचंच दुकान आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा.