कोकणातल्या घरासाठी ओपनेबल खिडक्या: युपीव्हीसी की ॲल्युमिनियम?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर बांधकाम चालू आहे. भिंती नऊ इंची जांभ्याच्या, प्लास्टर बाकी आहे. चार बाय चारच्या पाच खिडक्या आणि पश्चिमेला एक सहा बाय चारची. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी तुंबून आत येतं, म्हणून ओपनेबलच करायच्या आहेत. युपीव्हीसी (कडक प्लास्टिक) घ्यावं की ॲल्युमिनियम? पल्ले केवढे ठेवावेत? गज आणि मच्छरजाळी दोन्ही हवं, ते कसं बसवतात?

मापटेप:
ओपनेबलच करा. बाहेर उघडणारा पल्ला बंद असताना वाऱ्याच्या दाबाने चौकटीच्या रबरावर आणखी घट्ट बसतो. स्लायडिंगला नुसता ब्रश असतो, जोराच्या पावसात तो पुरा पडत नाही.

खाऱ्या हवेत माझं मत पांढऱ्या युपीव्हीसीला. ॲल्युमिनियमचं पावडर कोटिंग कापलेल्या टोकांशी आणि स्क्रूच्या भोकांशी सुटतं, तिथून पांढरी बुकटी धरते. पण युपीव्हीसीच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी हवी. पैसे वाचवायला ती मधल्या उभ्या पट्टीत आणि पल्ल्यात घालत नाहीत, मग दोन-तीन उन्हाळ्यांत पल्ला वाकतो. माल उतरवून घेताना ताकदवान लोहचुंबक प्रोफाइलवर (चौकटीच्या पोकळ पट्टीवर) फिरवा, पट्टी असेल तर ओढ लगेच हाताला कळते.

पल्ल्याची रुंदी दोन फुटांवर नेऊ नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. म्हणजे ६०० × १२०० मिमी पल्ल्यात ५ मिमी काच नऊ किलोची, वर प्रोफाइल आणि लोखंड वेगळं. हे सगळं फ्रिक्शन स्टेवर, म्हणजे पल्ला हव्या तिथे धरून ठेवणाऱ्या सरकत्या बिजागरीवर, लटकतं. दोन फुटी पल्ल्याला १६ इंची स्टे मागा, आणि त्याची वजनमर्यादा कॅटलॉगमध्ये बघून घ्या. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीवर समुद्राकाठी तांबूस ठिपके येतात. ३१६ मिळालं तर पश्चिमेच्या खिडकीला तरी तेच लावा. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच. स्टे चांगला आणि स्क्रू झिंकचे, हा प्रकार फार चालतो.

सज्जा:
सहा बाय चारचे तीन सारखे उघडणारे पल्ले करू नका. मधला भाग फिक्स, दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटी पल्ले. मधल्या भागातच वरचा दीड फूट टॉप-हंग ठेवा, म्हणजे बिजागरी वर आणि खालून बाहेर ढकलायचा. पाऊस पडत असतानाही तो चार बोटं उघडा ठेवता येतो, कारण पल्लाच छज्जाचं काम करतो. जुलैत घर कोंदट होतं ते यानेच टळतं. टॉप-हंगचा स्टे वेगळा असतो, साइड-हंगचा (बाजूला बिजागरी असलेल्या पल्ल्याचा) तिथे चालत नाही.

मापटेप:
टॉप-हंगची सूचना पटली. आता गज आणि जाळी. क्रम असा: सगळ्यात बाहेर काचेचा पल्ला, मध्ये गज, आत उघडणारा जाळीचा पल्ला. हँडल आत दोनेक इंच पुढे येतं, म्हणून काच आणि गज यांत तीन इंच सोडा. ते सोडलं नाही तर हँडल गजाला आपटून अर्धंच फिरतं आणि मल्टिपॉइंट लॉक (एकाच हँडलने अनेक ठिकाणी लागणारं) पुरतं बसत नाही. गजातून हात जाऊन हँडल फिरवता आलं पाहिजे, तेव्हा हँडलसमोर आडवी पट्टी नको. बेडरूममधल्या एका खिडकीचा गज कडीचा, आतून उघडणारा करा; आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी.

खाडीकाठ:
फॅब्रिकेटर (खिडक्या बनवणारा) म्हणतो, आत्ताच माप घेतो, प्लास्टर नंतर करा.

सज्जा:
नको. जांभा तासला तरी कडा वाकड्याच असतात. आधी कडप्पा किंवा ग्रॅनाइटची चौकट आणि प्लास्टर, मग माप. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. सर्वांत लहान मापातून १० मिमी वजा, म्हणजे चारी बाजूंना ५ मिमी फट राहते. फास्टनर कोपऱ्यापासून १५० मिमीवर सुरू करून दर ६०० मिमीच्या आत. फटीत फोम, बाहेरून न्यूट्रल वेदर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर धरत नाही.

खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आणि तळाला कडेजवळ खाच हवीच, नाहीतर पाणी उलटं भिंतीकडे वळतं. चौकटीच्या तळाशी पाणी जायच्या दोन खाचा असतात, गवंड्याचं सिमेंट त्यातच जाऊन बसतं. पैसे चुकते करण्याआधी पाइपने दहा मिनिटं पाणी मारा: आधी खाली, मग बाजूंना, शेवटी वर. आत ओल कुठे आली त्यावरून गळती रबरात आहे की सिलिकॉनमध्ये, ते कळतं. प्रोफाइलवरची संरक्षक टेप काम संपताच काढा, उन्हात तिचा गोंद चिकटून बसतो.