क्लॅरिनेटच्या इतिहासावरची जुनी पुस्तकं घेताना काय पाहावं?

प्रश्न: जेफ्री रेंडल यांच्या 'द क्लॅरिनेट'च्या दोन जुन्या प्रती विक्रीला दिसताहेत, एक १९५४ची पहिली आवृत्ती आणि दुसरी १९७१ची तिसरी. वाचायला कोणती घ्यावी? मागवण्याआधी काय तपासावं?

उत्तर १: वाचायला १९७१चीच घ्या, ती फिलिप बेट यांनी सुधारलेली आहे. पहिली संग्रहासाठी ठीक. विक्रेत्याकडे मुखपृष्ठाचा नव्हे, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. आवृत्ती तिथेच कळते. यादीतलं चित्र अनेकदा दुसऱ्याच प्रतीचं असतं.

उत्तर २: चित्रपानं मोजून घ्याच! पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेल्या चित्रसूचीशी एकेक पान ताडून पाहायला सांगा. वाद्यांचे फोटो कापून काढलेले असतात, आणि वर्णनात फक्त 'चांगली स्थिती' लिहिलेलं असतं. ग्रंथालयातून बाद झालेली प्रत चालेल, शिक्क्यांनी काही बिघडत नाही. पण पुन्हा बांधणी करताना कडा छाटल्या असतील तर आकृत्यांवरची अक्षरं जातात. तपकिरी ठिपके चालतील. कुबट वास असेल तर नको, बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते.

उत्तर ३: एक जोड. सुरुवातीच्या काळासाठी एकट्या जुन्या पुस्तकावर विसंबू नका. क्लॅरिनेटचा शोध ज्यांच्या नावावर आहे ते न्यूरेंबर्गचे वाद्यकार डेनर, त्यांच्या या शोधाला १६९० हे साल सर्रास दिलं जायचं. पण त्यांची माहिती नोंदवणारे त्याच शहरातले लेखक डॉपलमायर यांनी १७३० मध्ये 'चालू शतकाच्या आरंभी' (म्हणजे १७००च्या सुमारास) एवढंच लिहिलंय. त्या भागासाठी अल्बर्ट राइस यांचं १९९२चं 'द बरोक क्लॅरिनेट' शोधा.