साडेआठ वर्षांची मुलगी: आत्ता उपकरण की बाराव्या वर्षी ब्रेसेस?

निळी_छत्री

मुलगी साडेआठ वर्षांची आहे. तोंडातली स्थिती नेमकी लिहिते, म्हणजे कुणाला अंदाजाने सांगावं लागणार नाही.

खाली समोरचे चारही पक्के दात आलेत. उजवीकडची दुधाची दुसरी, म्हणजे मागची दाढ कीड खोल गेल्यामुळे चार महिन्यांपूर्वी काढली. त्या जागी काही बसवलेलं नाही. तिच्या मागे सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ आहे. वर समोरच्या दोन मोठ्या दातांत साधारण २ मिमी फट आहे. त्यांच्या शेजारचा उजवा दात खालच्या दाताच्या आतल्या बाजूला चावतो. उजवीकडच्या वरच्या दाढाही खालच्या दाढांच्या आत बसतात. डावीकडचा चावा ठीक दिसतो. तोंड मिटताना शेवटच्या क्षणी हनुवटी उजवीकडे सरकते. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढलाय, यायचे राहिलेले सगळे पक्के दात हाडात दिसतात.

एक मत असं की टाळू रुंद करणारं उपकरण लगेच बसवावं. दुसरं मत असं की बाराव्या वर्षी सगळे दात आले की एकदाच ब्रेसेस लावावेत, आत्ता केलं तर उपचार दोनदा होतील. वाट पाहिली तर नक्की काय बिघडेल? आणि आत्ता करायचंच असेल तर आधी काय?

दंतरेषा

दोन्ही मतं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. "कितव्या वर्षी" या प्रश्नाने उत्तर मिळत नाही. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी वेगळ्या करा आणि प्रत्येकीला विचारा, थांबलं तर ही आपोआप सुधारेल, आहे तशीच राहील, की बिघडत जाईल?

सगळ्यात घाईची आहे ती काढलेल्या दाढेची जागा, आणि तिचा उल्लेख दोन्ही मतांत नाही. दुधाची दुसरी दाढ गेली की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि कलते. हे सरकणं दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त होतं. तुमचे चार संपलेत. म्हणून याच आठवड्यात ती जागा मोजून घ्या.

मोजमाप समजायला सोपं आहे. खालची दुधाची दुसरी दाढ साधारण १० मिमी रुंद असते. तिच्या जागी येणारी लहान पक्की दाढ, म्हणजे प्रीमोलर, साधारण ७ मिमीची. दातांचा साचा घेऊन डावीकडची शाबूत दाढ आणि उजवीकडची रिकामी जागा कॅलिपरने मोजली की फरक लगेच कळतो. १० च्या आसपास असेल तर काही गेलेलं नाही, फक्त राखायचं. ८ उरली असेल तर प्रीमोलर मावेल, पण पुढच्या दातांची दाटी सोडवायला निसर्गाने ठेवलेली शिल्लक संपली. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढी जागा अडवतात, तेवढी त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दातांना लागत नाही. खालच्या जबड्यात दर बाजूला सरासरी १.७ मिमी, वरच्यात ०.९ मिमी उरतात. एवढ्याशा मिलिमीटरवर पुढे दात काढायचे की नाही हे ठरू शकतं. जागा ७ च्या खाली गेली असेल तर प्रीमोलर अडकेल किंवा जिभेच्या बाजूला वाकडा येईल.

राखायला काय बसवतात हेही विचारून घ्या. बऱ्याचदा बँड अँड लूप सुचवतात, म्हणजे पक्क्या दाढेला कडं आणि पुढच्या दुधाच्या दाढेला टेकणारा तारेचा फास. इथे त्यात एक अडचण आहे. ज्या दुधाच्या पहिल्या दाढेचा तो आधार घेणार, ती दहाव्या-अकराव्या वर्षी पडते आणि मागचा प्रीमोलर बहुधा त्यानंतरच येतो. ऐन गरजेच्या वेळी फास अधांतरी. खालचे चारही समोरचे दात आलेले असल्यामुळे लिंग्वल आर्च जास्त योग्य. दोन्ही पक्क्या दाढांना कडी आणि त्यांना जोडणारी साधारण ०.९ मिमी जाडीची स्टीलची तार, समोरच्या दातांना आतून टेकलेली. मुलीला काढता येत नाही, म्हणून विसरण्याचा प्रश्न नाही.

जागा २–३ मिमीपर्यंत कमी झाली असेल तर या वयात दाढ मागे ढकलून ती परत मिळवता येते. त्यापुढे काम अवघड होत जातं.

बाकीच्या तीन गोष्टी थोडक्यात. दाढांचा उलटा चावा, त्यातही हनुवटी सरकत असेल तर, आत्ताच दुरुस्त करायचा. वाढत्या वयात जबडा रोज एका बाजूला सरकून मिटत राहिला तर वाढही तशीच असमान होऊ लागते. समोरचा एक दात आत चावतोय, तोही आत्ताच. त्याच्यासमोरच्या खालच्या दाताची हिरडी उतरते आणि दोन्ही दातांच्या कडा झिजतात. मधली फट मात्र सोडून द्या.

मोजपट्टी

वरच्याशी सहमत. टाळू रुंद करण्याबद्दल लिहिते, कारण घरचं काम तिथेच जास्त असतं.

आधी एक गैरसमज. उजवीकडेच उलटा चावा दिसतो म्हणून उजवी बाजूच अरुंद आहे असं नव्हे. हनुवटी सरकत असेल तर बहुतेक वेळा वरचा जबडा दोन्हीकडे सारखाच अरुंद असतो. दाढा कंगोऱ्यावर (दाढेवरच्या उंचवट्यावर) कंगोरा टेकतात, नीट चावता येत नाही, म्हणून मूल सोयीसाठी जबडा एका बाजूला सरकवतं. तपासायचं असेल तर तिला आरशासमोर बसवा आणि तोंड अगदी हळू मिटायला सांगा. पहिला दात टेकतो त्या क्षणी थांबवा. वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेषा तिथे जुळत असतील आणि पूर्ण मिटल्यावर हलत असतील, तर हेच आहे. अशा वेळी दोन्ही बाजू सारख्याच रुंद कराव्या लागतात.

टाळूच्या मधोमध हाडाची शिवण असते. या वयात ती सहज उघडते, वयात येताना गुंतत घट्ट होत जाते. उपकरणात मधे स्क्रू आणि दाढांवर सिमेंटने बसवलेली कडी असतात. बहुतेक स्क्रूंची एक फिरवणी पाव फेऱ्याची, म्हणजे ०.२५ मिमी, काही ०.२ चे असतात, विचारून घ्या. ६ मिमी हवे असतील तर २४ फिरवण्या. दिवसातून दोनदा फिरवण्याची गरज या वयात नसते. काही जण रोज एक सांगतात, काही आठवड्याला दोन. दोन्हींनी काम होतं, फक्त दिलेला वेग घरी बदलू नका.

स्क्रू फिरवायला एक बारीक किल्ली देतात. ती फिरवताना मुलीला आडवं झोपवा, डोकं मागे कललेलं, हनुवटी वर, दुसऱ्या कुणाच्या हातात बॅटरी. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळा, म्हणजे हातातून सुटली तरी घशात जाणार नाही. पुढून दिसणाऱ्या भोकात टोक घाला आणि घशाच्या दिशेने ढकला, अडेपर्यंत. पुढचं भोक पूर्ण दिसलं तरच फिरवणी पूर्ण. आता नेहमी होणारी चूक: किल्ली काढताना ती पुढे ओढली जाते आणि स्क्रू तेवढाच उलटा फिरतो. मग महिनाभर रोज फिरवूनही काही घडत नाही आणि दोष उपकरणाला जातो. किल्ली आणखी थोडी मागे आणि खाली घेऊन अलगद सोडवायची. प्रत्येक वेळी तारीख लिहा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन नको, होती तिथून पुढे चालू.

फिरवल्यावर काही मिनिटं नाकाच्या मुळाशी आणि समोरच्या दातांत दाब जाणवतो, तो ठीक आहे. लाळ आणि बोबडं बोलणं काही दिवसांत कमी होतं. रोज एक फिरवणी असेल तर साधारण आठ-दहा दिवसांत समोरची फट वाढू लागते. घाबरू नका, शिवण उघडल्याचं ते लक्षण आहे. फिरवणं संपल्यावर दात आपोआप जवळ येतात. फट अजिबात वाढली नाही, किंवा उपकरण एका बाजूने हलतंय असं वाटलं, तर फिरवणं थांबवून दाखवा. सुटलेल्या कड्याखाली अन्न शिरतं आणि दाढ आतून किडते, वरून काहीच दिसत नाही.

थांबायचं नेमकं "बरोबर" झाल्यावर नाही, थोडं पुढे जाऊन. वरच्या दाढांचे आतले कंगोरे खालच्या दाढांच्या बाहेरच्या कंगोऱ्यांना टेकले की बस. त्यातला काही भाग परत फिरणार असतो. मग स्क्रू बंद करून उपकरण तसंच साधारण सहा महिने ठेवायचं, कारण शिवणीत नवं हाड भरायचं असतं. चावा सुधारलेला दिसतो म्हणून लवकर काढायला लावू नका. माझ्या मते या उपचारात सर्वांत जास्त नुकसान या घाईने होतं.

निळी_छत्री

खूप उपयोग झाला. मापं घेण्याची वेळ ठरवली आहे. दोन शंका. वरच्या ओठाची आतली शिर, म्हणजे ओठ हिरडीला जोडणारी पट्टी, दोन दातांच्या मधे खाली उतरलेली आहे, ती कापायची का? आणि फट बंद करायला दोन दातांभोवती छोटं रबर बँड घालावं असं काही ठिकाणी दाखवतात, ते चालेल का?

दंतरेषा

रबर बँड अजिबात नको, एका रात्रीसाठीही नाही. समोरच्या दातांची मुळं टोकाकडे निमुळती होत जातात. रबर घसरत हिरडीखाली जातं, दिसेनासं होतं आणि मुळाच्या टोकाकडे सरकत राहतं. वाटेत दाताला धरणारे तंतू आणि हाड नष्ट होतं. आई-वडिलांना वाटतं रबर पडून गेलं. काही आठवड्यांनी हिरडी सुजते, दात लांब दिसू लागतात आणि हलतात. अशाने समोरचे दोन्ही चांगले पक्के दात गेल्याच्या नोंदी दंतवैद्यकात आहेत. कुठे पाहिलं असेल तिथे खाली हे जरूर लिहा.

शिर आत्ता कापू नका. २ मिमीपर्यंतची फट वरचे सुळे उतरताना बहुधा स्वतःहून मिटते. सुळे येईपर्यंत ते शेजारच्या दातांच्या मुळांना बाजूने दाबतात, म्हणून दात पंख्यासारखे पसरलेले दिसतात. सुळे आल्यावरही फट राहिली तर आधी ती ब्रेसेसने बंद करायची आणि मग शिर कापायची. उलट केलं तर मधे व्रणाची घट्ट ऊती तयार होते आणि तीच फट बंद होऊ देत नाही.

सुळ्यांकडे मात्र लक्ष ठेवा. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या हिरडीवर, दुधाच्या सुळ्याच्या मुळाच्या वर, बाहेरच्या बाजूने तर्जनी फिरवली तर कडक फुगवटा लागायला हवा, दोन्हीकडे सारखा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे सपाट आहे, तर एक्स-रे काढून पाहायचा. सुळा टाळूकडे वळला असेल तर वेळेत दुधाचा सुळा काढल्याने तो बऱ्याचदा वाटेवर येतो. १९८८ च्या एरिक्सन आणि कुरोल यांच्या अभ्यासात १० ते १३ वयोगटात असे ७८ टक्के सुळे सुधारले होते. ही संधी गेली तर हिरडी उघडून दात साखळीने ओढून आणावा लागतो, आणि तोवर शेजारच्या दाताचं मूळ झिजलेलं असू शकतं.

शांत_पाणी

"दोनदा उपचार" याबद्दल. ब्रेसेस पुढे लागतीलही, ते मान्य करूनच आत्ताचं काम करायचं. आत्ता ९ ते १२ महिन्यांचं ठरलेलं काम, मग उपकरणं काढून विश्रांती आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. फक्त लिंग्वल आर्च प्रीमोलर येईपर्यंत राहील. आत्ताच्या टप्प्यात सगळे दात सरळ करण्याचा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा. न आलेल्या सुळ्यांच्या वाटेत मुळं ढकलली जाऊ शकतात.

वाट पाहणं योग्य असतं अशीही मुलं असतात, म्हणून हा धागा वाचून सगळ्यांनीच आठव्या वर्षी उपकरण मागू नये. खालचा जबडा मागे आणि वरचे दात पुढे असतील तर ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण वाढीच्या उसळीत जास्त कामाचं, मुलींत साधारण १० ते १२, मुलांत १२ ते १४. त्याआधी सुरू केल्याने समोरचे दात पडून तुटण्याचा धोका कमी होतो. शेवटचा निकाल मात्र उशिरा सुरू केल्यासारखाच येतो. उलट वरचा जबडा मागे राहून पुढचे सगळे दात उलटे चावत असतील तर थांबू नये. फेसमास्कचा, म्हणजे चेहऱ्यावर बाहेरून लावून वरचा जबडा पुढे ओढणाऱ्या उपकरणाचा, परिणाम दहाव्या वर्षाच्या आत चांगला मिळतो.

तुमच्या बाबतीत मला वेगळीच काळजी वाटते. आठव्या वर्षी एक दाढ किडून काढावी लागली, म्हणजे कीड लागण्याची प्रवृत्ती आहे, आणि आता त्याच तोंडात कडी बसणार. कड्याच्या काठाशी थर साचला तर चार आठवड्यांत पांढरे डाग दिसू शकतात, आणि ते पूर्ण जात नाहीत. म्हणून कडी बसवण्याआधी उरलेली कीड भरून घ्या आणि फ्लोराइड वार्निश लावून घ्या, नंतर दर तीन-चार महिन्यांनी परत. टूथपेस्ट किमान १००० पीपीएम फ्लोराइडची, ब्रश दिवसातून दोनदा, रात्रीचा मोठ्या माणसाने करायचा. टाळूवरचा स्क्रू आणि तारेखालची जागा दातांमधल्या छोट्या ब्रशने.

मोजपट्टी

क्रमाबद्दल राहिलंच होतं. खालची तार आणि वरचा स्क्रू एकाच भेटीत बसू शकतात, पण त्यासाठी जागा राखण्याचं काम थांबवून ठेवू नका. त्याआधी साधारण आठवडाभर पक्क्या दाढांच्या फटीत छोटी रबरं घालतात, म्हणजे कडं सरकायला जागा होते. (ही रबरं दवाखान्यातच घालतात आणि मोजून काढतात, वर लिहिलेल्या घरगुती रबराशी त्यांचा संबंध नाही.) दोन दिवस ठणकतं. एखादं पडलं तर फोन करून कळवा, नाहीतर ठरलेल्या दिवशी कडं बसत नाही आणि आणखी एक आठवडा जातो. आत चावणारा तो एक दात टाळू रुंद झाल्यावर जागा मिळून कधी स्वतःच बाहेर येतो. न आल्यास स्प्रिंगवाल्या प्लेटने काही आठवड्यांत ढकलता येतो, आणि खालच्या दाताच्या पुढे येऊन चावू लागला की तो चावाच त्याला तिथे धरून ठेवतो.