गोदाक्का भाच्याला दिली नाही. चुकलं का माझं?

बुटकी_पुजारीण (धागा यांचाच)

आधी प्रसंग ऐका, मग शिव्या घाला.

मी २००८ पासून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतो. त्यात माझं एक पात्र आहे, ड्वार्फ प्रीस्ट, म्हणजे बुटक्यांच्या जमातीतली पुजारीण. बुटकी, खांद्यांनी रुंद, पांढऱ्या वेण्या. काम एकच, लढणाऱ्यांना बरं करत राहायचं. नाव गोदाक्का. माझ्या आजीची थोरली बहीण ओतूरला असायची, ती खरी गोदाक्का. पोट दुखलं, पाय मुरगळला की लोक आधी तिच्या ओट्यावर यायचे, दवाखाना नंतर. तीही बुटकी, रुंद आणि तोंडाने फटकळ. पात्र बनवताना स्क्रीनवर ती अशी काही येऊन उभी राहिली की दुसरं नाव सुचलंच नाही.

गेली दोन वर्षं माझं खेळणं जवळपास बंद आहे. अधूनमधून एखाद्या महिन्याची वर्गणी भरतो, आयर्नफोर्ज या ड्वार्फांच्या शहरात एक चक्कर मारतो आणि बाहेर पडतो. गेल्या रविवारी कोथरूडला ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मठ्ठा पिता पिता म्हणाला, "मामा, तू आता खेळत नाहीस, तर अकाउंट मला दे ना." त्याला गोदाक्का नकोय. तिच्याकडचा आगीचा पक्षी हवाय, ॲशेस ऑफ अलार. त्या पक्ष्यासाठी मी एकाच राक्षसाच्या दारात आठवड्यातून एकदा, अशी दोन वर्षं हजेरी लावली आहे. पुढे म्हणाला, "पैसे भरून पात्राची रेस, म्हणजे जमात, बदलून घेतो. नाव शॅडोफँग ठेवतो."

मी म्हणालो, नियमात बसत नाही. ते खरंही आहे, अकाउंट दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पण मी काही एवढा नियमाचा पुतळा नाही, कर्वे रोडला नो एंट्रीतून गाडी घालणाऱ्यांपैकीच एक. तिची शॅडोफँग झालेली मला बघवली नसती, एवढंच. ताईने ते बरोबर ओळखलं. "एका बाहुलीसाठी पोराला नाही म्हणालास?" त्या दिवसापासून तिचा फोन नाही.

---

शनवारातला_शेवटचा_वाडा

गोदाक्काचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? तुमच्या नाही. वर्गणीदार म्हणजे भाडेकरू. वाड्यातल्या भाडेकरूंना निदान पागडी तरी होती, तुम्हाला तीही नाही. सिटी ऑफ हीरोज नावाचा असाच एक गेम होता. ३० नोव्हेंबर २०१२ ला कंपनीने तो बंद केला. लोकांनी आठ आठ वर्षं जोपासलेली पात्रं एका रात्रीत गेली. जी वस्तू उद्या मालक बटण दाबून पुसू शकतो, तिच्यासाठी सख्ख्या बहिणीशी अबोला? भाच्याला देऊन टाका आणि मोकळे व्हा.

---

दोन_वाजताचा_गजर

वाडेवाले, अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो गेम चाहत्यांनी गुपचूप जिवंत ठेवला होता. २०१९ मध्ये ते उघडकीला आलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यातल्या एका गटाला रीतसर परवानगी दिली. सातबारा नसताना लोकांनी घर राखलं, शेवटी मालकालाही मान्य करावं लागलं. पुण्यात राहून भाडेकरूंची चिकाटी कमी लेखताय म्हणजे कमाल आहे.

---

शनवारातला_शेवटचा_वाडा

गेम परत आला. त्यांची जुनी पात्रं आली का? नव्याने बनवावी लागली. माझा मुद्दा जागच्या जागी आहे.

---

रात्रपाळीची_बायको

मला पात्राशी घेणंदेणं नाही. माझं भांडण वेळेशी आहे. आमच्याकडेही एक गोदाक्का आहे, तिचं नाव वेगळं. युरोपातल्या सर्व्हरवर रात्री आठची रेड (सगळ्यांनी मिळून राक्षसावर चढाई) म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. तीन-साडेतीनपर्यंत हेडफोन लावून "हील, हील, अरे हील कर" असं कुजबुजत ओरडणं काय असतं, ते शेजारी झोपणाऱ्याला विचारा. पोराला ताप असताना मी उठायचे आणि हे कुणा स्वीडनच्या माणसाला बरं करत असायचे. लळा यांचा, जागरण आमचं. भाच्याला देऊ नका, पण कारण वेगळं. एकोणिसाव्या वर्षी ही कटकट त्याच्या मागे कशाला लावताय?

---

बुटकी_पुजारीण

वहिनी, बिनतोड आहे. माझं लग्न झालेलं नाही म्हणून वाचलो, किंवा त्यामुळेच झालं नसेल.

वाडेवाल्यांना सांगतो की जोपासणं म्हणजे काय. २००८ मध्ये घरी बीएसएनएलचा तो पाचशेवाला प्लॅन होता, रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद. बाकीच्या वेळात मोजूनमापून. म्हणून मी दहाला झोपायचो, दोनचा गजर लावून उठायचो, चहा टाकायचो आणि खेळायला बसायचो. आपले दोन म्हणजे हिवाळ्यात तिकडचे रात्रीचे साडेनऊ. युरोपवाले जेवून बसलेले असायचे, मी झोपेतून उठून. सात वाजता आंघोळ, आठला हिंजवडीची बस. मी आळशी माणूस. आयुष्यात दुसऱ्या कशासाठीही मी रोज दोनला उठलेलो नाही.

सुरुवातीच्या दिवसांत गोदाक्का लॉक मोदान नावाच्या खोऱ्यात फिरायची. तिथे एक प्रचंड दगडी धरण होतं, भिंतीवर ड्वार्फांचे चेहरे कोरलेले. मला ती जागा आवडायची. भिंतीवर उभं राहायचं, एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला खाली पसरलेला चिखलाचा मुलुख. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅटॅक्लिझम या गेमच्या पुढच्या भागाच्या आधीचं अपडेट आलं आणि त्यात ते धरणच फोडलं. लॉगिन केलं तर तळ्यात नुसता चिखल. मी घशातून आवाज न फुटता बसून राहिलो. आजी नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याची गोष्ट तिने शंभर वेळा सांगितली असेल, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते हात लावून दाखवायची. त्या रात्री गिल्डमधल्या, म्हणजे गेममधल्या आमच्या टोळीतल्या, नॉर्वेच्या एकाला मी पानशेत सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, टाइप करून, पाऊण तास. तो म्हणाला, मग आज तुझी गोदाक्का आणि तुझी आजी एका गावच्या झाल्या.

यातलं काही त्या आगीच्या पक्ष्यात नाही. ते भाच्याला देताही येत नाही. पण पात्र दिलं की ते माझ्याकडेही राहत नाही.

---

तिसरी_घंटा

मी पुरुषोत्तम करंडकाला तीन वर्षं काम केलं आहे, त्यामुळे पात्राचा लळा म्हणजे काय ते मला शिकवू नका. भरत नाट्यच्या विंगेत उभं राहून मी स्वतःच्या पात्रासाठी रडलो आहे. पण पडदा पडला की खोबरेल तेल लावून रंग पुसायचा असतो. पुढच्या वर्षी तीच एकांकिका दुसऱ्या कॉलेजच्या पोराने केली, माझ्यापेक्षा वेगळी केली, आणि मला राग आला. राग येणं माणसाचं आहे. "तू करू नकोस" म्हणणं कोतेपणाचं.

---

बुटकी_पुजारीण

तुमची उपमा थोडी घसरते. एकांकिकेत संहिता लेखकाची, पात्र त्याचं. दुसऱ्या नटाने केलं तरी ते पात्र तेच राहतं. भाचा गोदाक्का करायला मागत असता तर मी विचार केला असता. तो तिला पुसून शॅडोफँग करणार आहे. हा नटबदल नाही.

---

तिसरी_घंटा

मग बालगंधर्वांचं घ्या. नारायणराव राजहंस माणूस म्हणून वेगळे, पण बायकांनी नेसण्याची, गजऱ्याची ढब रंगमंचावरच्या त्या बाईकडून उचलली. ती बाई होती कुठे? संहितेत नव्हती, नारायणरावांच्या अंगात होती. उतारवयातही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. शरीर साथ देईना, तरी सुटलं नाही, आणि प्रेक्षकांनीही सोडू दिलं नाही. थोर माणसाचंही हे झालं. तुम्ही तर हिंजवडीचे.

(हे तुमच्या बाजूने लिहिलं की विरुद्ध, माझं मलाच कळेना. असो.)

---

आकडेमोड

मनोरंजक माहिती. निक यी आणि जेरेमी बेलन्सन यांनी २००७ मध्ये स्टॅनफर्डमधले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना आभासी जगात उंच किंवा बुटकं शरीर दिलं आणि पैशांच्या वाटणीवर घासाघीस करायला लावली. उंच शरीर मिळालेले जास्त रेटून बोलले, बुटके अन्याय्य वाटणीलाही मान डोलावत गेले. म्हणजे पात्र आपण घडवतो तसं तेही आपल्याला वळण लावतं.

यावरून माझा निष्कर्ष: सोळा वर्षं बुटकी चालवल्यामुळेच तुम्हाला भाच्याला तोंडावर "नाही" म्हणता आलं नाही आणि तुम्ही नियमाआड लपलात.

---

बुटकी_पुजारीण

अहो, खरी गोदाक्का पाच फूटही नव्हती. तिच्यापुढे सरपंच उभा राहायचा.

---

एमटीडीसी_नव्हे

सगळे खेळीमेळीत घेताय म्हणून एक गंभीर टाकतो. नॉर्वेचा मॅट्स स्टीन. स्नायूंचा ड्युशेन हा आजार, हालचाल जवळजवळ संपलेली, २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं पोरगं एकटंच राहिलं, नुसतं गेम खेळत बसायचं. त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं लिहिलं, आणि देशोदेशींहून पत्रं यायला लागली. याच वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन नावाने वावरत होता आणि कितीतरी लोकांचा जिवाभावाचा झाला होता. गिल्डमधले काही जण अंत्यविधीला आले. आता म्हणा "बाहुली".

---

शनवारातला_शेवटचा_वाडा

ही हकीकत माहीत आहे, आणि ती ऐकून गप्प बसायला होतं हेही मान्य. पण नीट बघा. लोक विमानाने आले ते कुणासाठी? मॅट्ससाठी. इबेलिनच्या पिक्सेलसाठी नाही. लळा माणसाचा होता, पात्र निमित्त. धागाकर्ते म्हणतात त्यांचा जीव पात्रावर आहे. दोन्हींत फरक आहे, आणि तो एका दुःखद गोष्टीच्या आड लपवू नये.

---

बुटकी_पुजारीण

हा प्रतिसाद बोचला, कारण बरोबर आहे. उत्तर लगेच सुचलं नाही, काल रात्री सुचलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी जुना गेम पुन्हा उघडला, क्लासिक म्हणून. जुनं जग जसंच्या तसं. लॉक मोदानचं धरण पुन्हा उभं. मी पहिल्याच दिवशी तीच ड्वार्फ, त्याच वेण्या, तेच नाव घेऊन गेलो. धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहिलो. तळं भरलेलं. आणि काहीच वाटलं नाही. ही कोण बाई, असं झालं. तोंडवळा तोच, पण ही दोनच्या गजराला उठलेली नव्हती, हिने नॉर्वेवाल्याला पानशेत सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात सोडून दिलं.

म्हणजे जीव पिक्सेलवर नाही, वाडेवाले. पिक्सेल तर तेच होते. आणि नुसता माणसांवरही नाही, कारण जुने दोघे-तिघे क्लासिकमध्येही होते.

---

किल्ल्यावरची_हळीव

दिवाळीच्या किल्ल्यासारखं बघा ना. चार दिवस खपून माती कालवतो, हळीव पेरतो, गुहेत वाघ बसवतो, तुळशीच्या लग्नानंतर सगळं मोडून कुंडीत. कुणी रडत नाही. पुढच्या वर्षी नवा. सोसायटीतली लहान पोरं मावळे मागतात, आम्ही देतो. मोठ्या माणसाने असं धरून बसू नये.

---

दोन_वाजताचा_गजर

आणि महाराज? सिंहासनावरचे महाराज देता का?

---

किल्ल्यावरची_हळीव

महाराज नाही देत. कसबा पेठेत कुंभारवाड्यातून माझ्या वडिलांनी आणलेले आहेत, एका हाताचा रंग गेलाय. ते माळ्यावर डब्यात, कापसात.

हं. कळलं कुठे नेताय ते.

---

रात्रपाळीची_बायको

तो पक्षी तेवढा काढून देता येत नाही का? वाद मिटेल.

---

बुटकी_पुजारीण

नाही हो वहिनी. तो खात्याला चिकटलेला असतो. हातातल्या अंगठीसारखा काढून देता येत नाही.

भाच्याला मेसेज केला होता की विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं, तू तुझं पात्र बनव, मी रोज रात्री एक तास बरोबर येतो, पहिला महिना भरून देतो. म्हणाला, "मामा, वीसपर्यंत जायला कुणाला वेळ आहे? मला पक्षी हवा होता." प्रामाणिक पोरगं आहे, ताईवर गेलंय.

---

शनवारातला_शेवटचा_वाडा

ठीक. पात्र देऊ नका, माझी हरकत मागे. त्याला तरी काय, पक्ष्याची हौस महिन्याभरात फिटेल. पण ताईला अजून "नियमात बसत नाही" एवढंच माहीत आहे. ओतूरच्या गोदाक्काचं नाव दिलंय हे तिला कधी सांगितलंत? ती तिचीही आजीची बहीणच लागते.

---

बुटकी_पुजारीण

नाही सांगितलेलं. तिला वाटतं, कुठलंतरी इंग्रजी नाव असेल.

आत्ता फोन लावला. भाच्याने उचलला, म्हणाला आई भाजी आणायला मंडईत गेली आहे. थांबतो.